एक धनी, अनेक धंदे

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून वावरणारा मनुष्य बहुधा एकाच उद्योगाचा धनी असतो. तो शेतकरी असतो, व्यापारी असतो किंवा वकील असतो, आणि त्याची प्राप्ती कोणत्या रकान्यात मांडावी याविषयी कोणाला क्षणभरही संदेह पडत नाही. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील ज्या असंख्य कुटुंबांचा योगक्षेम दरमहा पगारावर चालत नाही, त्यांतील कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री एका रकान्यात मावेल असा योग क्वचितच येतो. देवगडकडच्या एखाद्या मध्यम ऐपतीच्या बागायतदाराचे वर्षच कल्पून पाहावे. मार्चपासून मेअखेरपर्यंत हापूसची तोडणी करणे, पेट्या भरणे आणि वाशीच्या बाजारात माल रवाना करणे. त्याच मे महिन्यात आणि पुढे दिवाळीच्या सुटीत माडीवरच्या चार खोल्या पर्यटकांना देऊन त्यांच्या जेवणाखाणाची व्यवस्था पाहणे. जानेवारी उजाडला की आयुर्विम्याच्या नव्या पॉलिसींसाठी गावोगाव पायपीट करणे. आणि कार्तिकानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला म्हणजे दशावतारी मंडळात रात्रभर पखवाजावर बसून पहाटे मानधन घेऊन घरी परतणे, असा त्याचा क्रम असतो. अशा माणसाला कर द्यावयाचाच नसतो असे समजण्याचे कारण नाही. परंतु तो कर मोजावा कसा हे त्याला सहजासहजी कळू नये, अशी तजवीज कायद्याने, बहुधा अहेतुकपणे, करून ठेवली आहे, आणि ती दुरुस्त करणे वाटते तितके दुर्घट नाही, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

जुन्या अमदानीत मोहतर्फा या नावाने जो कर वसूल होत असे, तो मुख्यतः दुकानावर, मागावर, तेलाच्या घाण्यावर, म्हणजे उपजीविकेच्या साधनावर बसे, आणि त्या साधनाच्या मागे उभ्या असलेल्या मनुष्याची वर्षाअखेरची एकंदर ऐपत काय आहे याची चौकशी दुय्यम ठरे. मुंबई इलाख्यात धंद्यांवरचे हे कर १८४४ मध्ये उठले, आणि १८५७ च्या उठावानंतर रिकामा झालेला खजिना भरून काढण्यासाठी १८६० साली जेम्स विल्सन यांनी जेव्हा प्राप्तिकर आणला, तेव्हा निदान तत्त्वतः एक मोठे स्थित्यंतर घडले: साधनांची मोजदाद मागे पडून मनुष्याच्या साऱ्या प्राप्तीची बेरीज हा कराचा पाया झाला. १८८६, १९२२ आणि १९६१ या तिन्ही सालांच्या कायद्यांतून हा पाया टिकून राहिला. अमुक रुपये आंब्याचे, अमुक विम्याचे आणि अमुक खोल्यांचे असा तपशील बेरजेपर्यंत पोहोचण्यासाठी हवा, बेरीज झाल्यावर त्याचे प्रयोजन संपावे, अशी ही मूळ कल्पना आहे; आणि तिच्या साधेपणाची बरोबरी करील अशी दुसरी कल्पना करशास्त्रात मला तरी आढळलेली नाही. अडचण उत्पन्न होते ती बेरजेच्या आधीच्या टप्प्यात.

लहान धंदेवाल्याला कीर्द-खतावणीच्या जाचातून सोडवावे म्हणून अनुमानित उत्पन्नाची जी पद्धत सरकारने आणली, तिचा आरंभ १९९४ मध्ये बांधकामाच्या ठेकेदारांपासून झाला, १९९७ मध्ये किरकोळ दुकानदार तिच्या कक्षेत आले, आणि पुढे २००९ च्या वित्त अधिनियमाने तिला आजचे व्यापक रूप दिले. धंद्याच्या उलाढालीच्या ८ टक्के, आणि रक्कम बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गाने आली असल्यास ६ टक्के, एवढा नफा किमान झाला असे धरून चालावे, त्याहून अधिक झाला असल्यास तो प्रामाणिकपणे दाखवावा, आणि खर्चाच्या पावत्यांचे गाठोडे कोणापुढे सोडू नये, अशी ही सवलत आहे. २ कोटींपर्यंतच्या उलाढालीस, आणि रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटींपर्यंत ती मिळते. २०१६ मध्ये डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, लेखापाल यांसारख्या नामनिर्दिष्ट पेशांसाठी हीच पद्धत निराळ्या प्रमाणात लागू झाली. तेथे ५० लाखांपर्यंतच्या, आणि रोखीचे प्रमाण अल्प असल्यास ७५ लाखांपर्यंतच्या जमेपैकी निम्मी रक्कम नफा मानली जाते. मालवाहू गाड्या बाळगणाऱ्यासाठी तिसरी तरतूद आहे. या तिन्ही तरतुदी, एकेकट्या पाहिल्या तर, करदात्याविषयी विश्वास दाखवणाऱ्या आहेत, आणि त्याबद्दल सरकारला श्रेय दिलेच पाहिजे.

आता आपल्या बागायतदाराकडे यावे. त्याच्या खोल्यांची वर्षाची जमा ९ लाख रुपये आहे आणि ती सर्व बँकेत आली आहे असे समजू. सवलतीच्या नियमानुसार त्याने किमान ५४ हजार रुपये नफा दाखवावा आणि वर्ष संपवावे, असे कोणालाही वाटेल. परंतु १९६१ च्या कायद्याच्या त्याच कलमातील सहावे उपकलम असे सांगते की, नामनिर्दिष्ट पेशा करणाऱ्या व्यक्तीस, दलाली वा कमिशनच्या स्वरूपाचे उत्पन्न मिळवणाऱ्या व्यक्तीस, आणि एजन्सीचा धंदा करणाऱ्या व्यक्तीस हे कलम लागू होणार नाही. येथे सारी गोम आहे. कमिशनच्या उत्पन्नाला ही सवलत नाही, असे कायद्याने म्हटले असते तर ते समजण्यासारखे होते, कारण विमा एजंटाला माल विकत घ्यावा लागत नाही, त्याच्या जमेतून ६ टक्केच उरतात असे मानणे हास्यास्पद झाले असते; परंतु वगळले गेले आहे ते उत्पन्न नसून व्यक्ती आहे. अक्षरशः वाचले तर वर्षभरात २ हजार रुपये विमा कमिशन मिळवलेल्या गृहस्थाला, त्या २ हजारांपायी, ९ लाखांच्या खोल्यांची सवलत गमवावी लागते. काही सनदी लेखापाल हे उपकलम असे अक्षरशः वाचतात. काही म्हणतात की हेतू पाहावा, प्रत्येक धंद्याचा विचार पृथक् करावा. आणि खुद्द प्राप्तिकर खात्याच्या विवरणपत्र क्रमांक ४ मध्ये धंद्याचा तक्ता आणि पेशाचा तक्ता शेजारीशेजारी छापलेले असतात, म्हणजे एकच मनुष्य दोन्ही भरू शकतो असे ते प्रपत्र गृहीत धरते. कायदा एक म्हणतो, प्रपत्र दुसरे सुचवते, आणि दोहोंच्या मध्ये उभा असलेला मनुष्य आपल्या सल्लागाराच्या स्वभावावर अवलंबून राहतो: सल्लागार भित्रा असेल तर करदाता चोपड्या लिहीत बसतो, धाडसी असेल तर नोटिशीची वाट पाहत बसतो.

याच क्रमांक ४ च्या प्रपत्राला सरकारने सुगम असे नाव दिले आहे, आणि ज्याचे शेतीचे उत्पन्न ५ हजारांहून अधिक आहे त्याला ते वापरता येत नाही. हापूसच्या कलमांचा मालक एवढ्या एका कारणाने सुगमाच्या बाहेर पडतो आणि क्रमांक ३ च्या त्या विस्तीर्ण प्रपत्रात जाऊन पडतो, जे मोठमोठ्या पेढीवाल्यांनाही सुखाने भरता येत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे. पण १९७३ पासून दर ठरवण्यापुरते ते इतर उत्पन्नात मिळवले जाते, म्हणून त्याचा आकडा खात्याला हवा असतो, हेही योग्यच आहे. एक आकडा लिहिण्यासाठी एक रकाना पुरला असता. त्यासाठी अख्खे प्रपत्र बदलावयास लावण्यात कोणते राजकारण वा अर्थकारण आहे ते मला उमगलेले नाही.

व्यक्तीलाच वगळण्यामागे सरकारची काही बाजू आहे काय, हे पाहणे न्यायाचे होईल, आणि ती आहे. एखाद्या डॉक्टरने दवाखान्याला लागूनच औषधांचे दुकान थाटले, तर त्याची तपासणी-फी निम्म्या नफ्याच्या हिशेबात येते आणि औषधविक्री ६ टक्क्यांच्या हिशेबात. अशा वेळी फीची रक्कम बिलावर औषधांच्या किमतीत मिसळून टाकण्याचा मोह साधूसंतांनाही आवरता येईल असे नाही. इंटिरियर डेकोरेशनचा सल्ला देणारा जर फर्निचरही पुरवत असेल तर सल्ल्याचे पैसे लाकडात मुरवणे त्याला अवघड जात नाही. अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीत खर्चाची छाननी होतच नसल्यामुळे, जास्त नफ्याच्या ओळीतून कमी नफ्याच्या ओळीत सरकवलेला पैसा शोधून काढणे खात्याला जवळजवळ अशक्य होते, आणि म्हणून कायदा लिहिणाऱ्याने कुंपण जरा दूरवर घातले असावे. हा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु तो जेथे लागू पडतो तेथेच तो लागू करावा. ज्या दोन धंद्यांचा गिऱ्हाईक एकच आहे आणि ज्यांचे पैसे एकाच बिलात येऊ शकतात, तेथे संशयाला जागा आहे. खोलीत उतरलेला पुण्याचा पर्यटक आणि कुडाळच्या शाळामास्तरांनी घेतलेली विमा पॉलिसी यांच्यात पैशाची सरकवासरकव व्हावी कशी? कमिशन तर विमा कंपनी स्वतःच कर कापून देते आणि त्याची नोंद खात्याच्या संगणकात रुपया-पैशासह हजर असते. संलग्न धंदे आणि असंलग्न धंदे असा भेद कायद्यात घालणे हे काही दिव्य नाही, आणि तो घातला असता तर प्रामाणिक माणसांच्या एका मोठ्या वर्गावरचा निष्कारण बोजा उतरला असता.

धंदा आणि पेशा यांच्यातील भेदाचे खरे विनोदी दर्शन घडते ते मात्र मराठी रंगभूमीवर. नामनिर्दिष्ट पेशांच्या यादीत चित्रपट कलावंताचा समावेश आहे, आणि त्याची व्याख्या बऱ्यापैकी उदार आहे: नट, दिग्दर्शक, संगीत दिग्दर्शक, गायक, गीतकार, कथालेखक, संवादलेखक, संकलक, वेशभूषाकार, हे सारे तीत येतात, अट एवढीच की त्यांनी चित्रपटाच्या निर्मितीसाठी आपल्या पेशाच्या नात्याने काम केलेले असावे. म्हणजे दिवसा गोरेगावच्या चित्रनगरीत चित्रपटाचे चित्रीकरण करणाऱ्या नटाची ती कमाई निम्म्या नफ्याच्या सवलतीस पात्र ठरते, आणि रात्री दादरच्या शिवाजी मंदिरात तोच नट, कदाचित त्याहून कस लागणारी भूमिका करून जी नाईट घेतो, ती ठरत नाही. नाटकाची नाईट हा धंदा म्हणावा काय? नाट्यव्यवसाय हा शब्द आपण शतकभर वापरत आलो तरी रंगभूमीवरच्या नटाने स्वतःला किराणा दुकानदाराच्या पंक्तीला बसवून आपल्या जमेतून ६ टक्केच नफा उरला असे सांगणे हे त्याच्या बुद्धीलाही पटत नाही आणि कायद्याच्या भाषेतही नीट बसत नाही, कारण ती तरतूद धंद्यासाठी आहे आणि अभिनय हा, कोणी काही म्हणो, पेशाच आहे, फक्त यादीत नसलेला. यादीत नसलेले पेशे असे पुष्कळ आहेत. भाषांतरकार, शिकवणी घेणारे, निवेदक, कीर्तनकार, मृदंगवादक, व्याख्याते, ग्रंथसंपादक, हे सारे या दोन तरतुदींच्या मधल्या पडवीत उभे आहेत. आणि महाराष्ट्रात ज्याला सांस्कृतिक जीवन म्हणतात ते बहुतांशी याच पडवीत उभ्या असलेल्या, आणि प्रत्येकी तीन-चार उद्योग सांभाळणाऱ्या, माणसांनी चालवलेले आहे. चित्रपटासाठी गीत लिहिले तर एक हिशेब आणि तेच गीत नाटकासाठी लिहिले तर दुसरा, हा भेद करण्यामागे चित्रपटसृष्टीतील पैशावर नजर ठेवण्याचा जो मूळ हेतू असेल तो असो. सवलत देताना तीच यादी डोळे मिटून उचलण्याचे कारण नव्हते.

उगमस्थानी होणाऱ्या करकपातीचा जाच हा निराळ्या जातीचा आहे. चित्रपटाच्या मानधनातून १० टक्के कापले जातात, विमा कमिशनातून २ टक्के, कंत्राटाच्या बिलातून व्यक्तीला १ टक्का. आणि कापणाऱ्यांपैकी कोणालाही या मनुष्याचे एकंदर उत्पन्न किती आहे याची कल्पना नसते. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, आणि म्हणून आपल्या या बहुउद्योगी वर्गातील बहुसंख्यांना वास्तविक काहीच कर देणे लागत नाही. तरीही त्यांच्या प्रत्येक कमाईतून तुकडा कापला जातो, तो सरकारी खजिन्यात वर्षभर बसून राहतो, आणि विवरणपत्र भरल्यावर यथावकाश परत येतो. कमी कपातीचा दाखला मिळवण्याची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी करावा लागणारा अर्ज, मागील वर्षांची विवरणपत्रे आणि येत्या वर्षाच्या प्रत्येक देणेकऱ्याची अंदाजी यादी या गोष्टी, पुढच्या महिन्यात कोण काम देईल हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने कोठून आणाव्यात? (जाता जाता: नव्या प्रणालीत विम्याच्या हप्त्यावरची वजावट नसल्यामुळे मार्चअखेरची ती विमा घेण्याची लगबगही ओसरत चालली आहे, आणि आपल्या बागायतदाराच्या चार उद्योगांपैकी एकाचा पाया एका अर्थसंकल्पाने हळूच काढून घेतला आहे.)

नव्या आणि जुन्या करप्रणालींमधून निवड करण्याचा अधिकार हाही असाच एक प्रकार. निव्वळ पगारदाराला ही निवड दरवर्षी नव्याने करता येते. ज्याला धंद्याचे वा पेशाचे उत्पन्न आहे, तो मात्र एकदा जुन्या प्रणालीत गेला आणि तेथून परत आला की, धंदा चालू असेतोवर पुन्हा जुन्या प्रणालीत पाऊल ठेवू शकत नाही. आता एखाद्या महाविद्यालयीन प्राध्यापिका पगाराबरोबर वर्षाकाठी भाषांतराचे ३० हजार रुपये मिळवत असतील, तर त्या ३० हजारांपायी पगारदाराचे वार्षिक स्वातंत्र्य त्या गमावून बसतात. मोठ्या उद्योजकाने दरवर्षी प्रणाली बदलत हिशेब फिरवू नयेत हा हेतू उघड आहे. परंतु त्या जाळ्यात सापडले ते बारके मासे.

आगाऊ कराच्या व्याजाची कथा त्याहून सूक्ष्म आहे. वर्षाचा अंदाजे कर १० हजारांवर जात असेल तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण, असे हप्ते भरावे लागतात, आणि चुकल्यास व्याज बसते. वर्षाच्या मध्यावर प्रथमच धंदा सुरू करणाऱ्याला जूनमध्ये डिसेंबरची कमाई कशी ठाऊक असणार, हे ओळखून कायद्याने त्याला हप्त्यांच्या व्याजातून सूट दिली आहे. परंतु ही सूट धंद्याचे उत्पन्न या शीर्षाखाली प्रथमच प्राप्ती झाली तरच मिळते. ज्याचा एक धंदा आधीपासून चालू आहे आणि ज्याने नोव्हेंबरात दुसरा सुरू केला, त्याच्या दुसऱ्या धंद्याचे भविष्य त्याला जूनमध्ये ठाऊक असायला हवे होते असे कायदा मानतो. भविष्यकथन हा तिसरा धंदा त्याने केला असता तर गोष्ट निराळी.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत मात्र कायदा मनुष्याला एकसंधपणे पाहतो. इतक्या एकसंधपणे की पाहून धडकी भरावी. एका पॅन क्रमांकाखालील सगळ्या धंद्यांची देशभरातील उलाढाल एकत्र मोजली जाते आणि तीत करमाफ विक्रीही धरली जाते. केवळ वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण त्याच दुकानदाराने झेरॉक्सचे यंत्र ठेवले किंवा घड्याळे दुरुस्त करून देऊ लागला, की तो केवळ वस्तूंचा विक्रेता उरत नाही आणि त्याची मर्यादा २० लाखांवर येते. लोककला आणि अभिजात कलेच्या प्रयोगाचे दीड लाखापर्यंतचे मानधन करमाफ आहे, ही रास्त गोष्ट. परंतु आपल्या पखवाजवादकाच्या खोल्यांची जमा २० लाखांच्या जवळ पोहोचली, तर जत्रांतले ते करमाफ मानधनही त्याला सीमेपलीकडे ढकलण्यास हातभार लावील. तरीही येथे माझी तक्रार सौम्य आहे. मनुष्याची बेरीज करणे हे तत्त्व मला मान्य असल्यामुळे, ती बेरीज गैरसोयीची ठरते तेव्हा तिच्याविरुद्ध ओरड करणे मला शोभणार नाही.

आणि गंमत अशी की, याच राज्यातील एका कायद्यात हा प्रश्न अर्धशतकापूर्वीच सुटलेला आहे. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करावा म्हणून महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने अशा करावर वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती, ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली आणि आजही तेवढीच आहे. या कायद्याच्या अनुसूचीत एकच व्यक्ती दोन-तीन नोंदींत बसत असेल तर त्यांपैकी सर्वांत जास्त दराची एकच नोंद तिला लागू होते. त्या अनुसूचीच्या मसुदेकाराला, एकाच डोक्यावर दोन टोप्या असू शकतात आणि त्यामुळे डोके एकाचे दोन होत नाही, हे मुंबईच्या सचिवालयात बसून उमगले होते. दिल्लीतील त्याच्या अधिक विद्वान बंधूंना ते का उमगू नये?

इतके बोलल्यावर करदात्यांच्या पदरात त्यांचे माप घातले नाही तर लेख पक्षपाती ठरेल. आपल्याकडे दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वह्या पूजण्याची चाल आहे, आणि पुष्कळ घरांत त्या वह्यांचा हिशेबाशी येणारा संबंध त्या पूजेपाशीच संपतो. आंब्याचे पैसे, पर्यटकाने मोबाईलवरून पाठवलेले पैसे, कमिशन, मानधन आणि मेव्हण्याने परत केलेले उसने, हे सर्व एकाच बचत खात्यात जमा होते, आणि मार्चनंतर लेखापालापुढे ते बँकेचे पुस्तक टाकून, यातले काय कोणते ते तुम्हीच ओळखा, असे म्हटले जाते. खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात आता बँकेचे व्याज, कापलेला कर, मोठ्या रोख रकमा, शेअर बाजारातील उलाढाल हे सारे येते, त्यामुळे ओळखण्याचे काम सरकार आपल्या परीने करतेच. फक्त ते आपल्या सोयीने करील अशी खात्री नसते. प्रत्येक उद्योगाला निराळे बँक खाते ठेवणे, ही गोष्ट कोणताही कायदा सक्तीने सांगत नाही, पण तिच्याइतका उपयोगी दुसरा उपाय नाही. शेतीच्या बाबतीत तर ती अपरिहार्य समजावी, कारण स्वतःच्या कलमांचे फळ विकले तर ते शेतीचे उत्पन्न, रोपवाटिकेतील कलमे विकली तरी शेतीचेच, पण त्याच आंब्याचा रस काढून डबाबंद केला किंवा आंबापोळी करून विकली की प्रक्रियेचा नफा धंद्यात जातो, शेजाऱ्याच्या बागेतील उभे पीक विकत घेऊन विकले तर तो निखळ व्यापार होतो, आणि गोठ्यातील दूध तर पूर्वीपासूनच शेतीबाहेरचे. हे धागे एकदा गुंतले म्हणजे करमुक्त रुपया कोणता हे सिद्ध करण्याची जबाबदारी करदात्यावर येते, आणि पुरावा नसेल तर तो रुपया करपात्रच ठरतो.

सामाईक खर्चाची वाटणी हा दुसरा नाजूक भाग. एकच जीप आंब्याच्या पेट्या वाहते, पाहुण्यांना बसस्थानकावरून आणते आणि विम्याच्या फेऱ्यांनाही जाते. तिच्या डिझेलचा सगळा खर्च कमिशनच्या उत्पन्नातून वजा करणारे महाभाग आहेत, कारण खोल्यांच्या अनुमानित नफ्यात खर्च आधीच धरलेला असतो आणि करमुक्त शेतीच्या नावे तो टाकून उपयोग नसतो. ही चलाखी खात्याला ठाऊक आहे, आणि वर सांगितलेले ते दूरवर घातलेले कुंपण अशाच चलाख्यांनी पोसले आहे. वर्षाच्या आरंभी वाटणीचे एक प्रमाण ठरवून, ते का ठरवले याच्या दोन ओळी लिहून ठेवाव्यात, जीपमध्ये एक साधी वही ठेवून फेऱ्यांची नोंद करावी, आणि मग वर्षभर ते प्रमाण मोडू नये. तरुण मंडळींत संगणकावर संकल्पचित्रे काढून देण्याच्या जोडीला शेअर बाजारात वायदे-व्यवहार करण्याची जी हौस बळावली आहे, तिच्याविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे: फ्युचर्स-ऑप्शन्समधील तोटा हा साध्या धंद्याचा तोटा मानला जातो आणि तो दुसऱ्या धंद्याच्या नफ्यातून वजा होऊ शकतो, पण त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकलेल्या शेअरांचा तोटा सट्ट्याचा ठरतो आणि तो फक्त सट्ट्याच्या नफ्यातूनच, फार तर पुढील ४ वर्षांत, वजा करता येतो. दोहोंची खिचडी करून सादर केलेले विवरणपत्र म्हणजे नोटिशीला दिलेले आमंत्रण होय.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याने घेतली. पूर्ववर्ष आणि करनिर्धारण वर्ष हा पिढ्यान्पिढ्यांचा घोळ संपून कर वर्ष अशी एकच संज्ञा आली, आणि अनुमानित उत्पन्नाच्या विखुरलेल्या तरतुदी एकत्र येऊन कोष्टकाच्या रूपात मांडल्या गेल्या. मांडणी सुबोध झाली यात शंका नाही. परंतु धोरणात मोठे फेरफार करावयाचे नाहीत, भाषा तेवढी सोपी करावयाची, हे या पुनर्लेखनाचे जाहीर सूत्र असल्यामुळे, सोप्या भाषेत लिहिलेली जुनी अडचण एवढेच आपल्या बहुउद्योगी माणसाच्या वाट्याला आले आहे. तेव्हा माझ्या सूचना चारच आहेत. कमिशन, दलाली आणि नामनिर्दिष्ट पेशे यांचे उत्पन्न सवलतीबाहेर ठेवा, पण ते मिळवणाऱ्या व्यक्तीचा दुसरा, असंलग्न धंदा सवलतीत राहू द्या. चित्रपट कलावंताच्या शेजारी रंगभूमीवरचा कलावंत, भाषांतरकार आणि शिक्षक यांना बसवा. धंद्याचे उत्पन्न एका किरकोळ मर्यादेच्या आत असेल तर प्रणाली निवडण्याचे वार्षिक स्वातंत्र्य पगारदाराप्रमाणेच ठेवा. आणि शेतीच्या उत्पन्नासाठी सुगम प्रपत्रात एक रकाना वाढवा. यांतील पहिल्या आणि तिसऱ्या सूचनेसाठी संसदेकडे जावे लागेल. दुसरी बरीचशी अधिसूचनेने साधण्याजोगी आहे, कारण मूळ यादीत चित्रपट कलावंत असाच अधिसूचनेच्या दाराने आला. आणि चौथीसाठी तर प्रत्यक्ष कर मंडळाच्या प्रपत्र तयार करणाऱ्या शाखेने मनावर घेतले तरी पुरे. नव्या कायद्याखालील पहिल्या कर वर्षाची विवरणपत्रे २०२७ मध्ये भरली जावयाची आहेत, तेव्हा निदान त्या एका रकान्यासाठी तरी मंडळाला पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहण्याचे कारण नाही.